आबा अंधारात सायकलने पाळीला जातात. मागून येणाऱ्याला ते दिसावेत म्हणून काय लावू?

यड्रावची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांसाठी आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ५८. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहेत. बारा तासांची पाळी, आठवड्याला बदलते. रात्रपाळी असली की संध्याकाळी सातला यड्रावातून निघतात, दिवसपाळी असली की रात्री आठला सुटून परततात. म्हणजे पाळी कुठलीही असो, थंडीत एक फेरी अंधारातच. काही अंतर खांबांवर दिवे आहेत, बाकी दोन्ही बाजूंना ऊस. त्यात आता गळीत हंगाम सुरू आहे, सारखे उसाचे ट्रॅक्टर.

मागच्या मंगळवारी कडेला एक भरलेली ट्रॉली चाक काढून उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, फक्त चार दगड लावलेले. आबांना ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. बाहेरून वळसा घालायला म्हणून ते रस्त्यावर आले आणि त्याच वेळी मागून पिकअप आली. तिचा आरसा आबांच्या हँडलला लागला. पडले, कोपर सोलवटलं. आईला सांगितलं की मागात हात घासला. मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मी पुण्यात नोकरीला आहे. तेव्हापासून रोज साडेआठला फोन करते आणि त्यांनी उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

सायकल २२ इंची, काळी. मागे कॅरिअरला डब्याची पिशवी. अंगात गडद निळा स्वेटर, डोक्याला तपकिरी मफलर. दोन वर्षांपूर्वी मी चार्जिंगचा लाल दिवा आणून दिला होता, तो तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या सायकल स्टँडवरून गेला. मग पोपटी जाकीट आणलं. दोन दिवस घातलं, आता खुंटीला आहे. म्हणतात, "रस्ता माझ्या पायाखालचा आहे, चाळीस वर्षं जातोय." त्यांना रस्ता दिसतो हे मला मान्य आहे. ते दुसऱ्याला दिसतात का, हा प्रश्न आहे.

चोरीला जाणार नाही, रोज चार्ज करावं लागणार नाही आणि त्यांना लाजल्यासारखं होणार नाही असं काय लावता येईल? शनिवारी गावी जाते आहे, हाताने लावूनच परत येईन.

सायकल दुकान, मिरज

ताई, आधी एक बघा. आबांच्या मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर असेलच, जुन्या सायकलींना असतो. डब्याची पिशवी लोंबून त्याच्यावर येते का? माझ्याकडे येणाऱ्या दहा कामगारांपैकी सात-आठ जणांचं असंच असतं. रिफ्लेक्टर आहे, पण पिशवीच्या मागे. तो खाली वाकलेला असला तरी उपयोग नाही, सरळ मागे बघायला हवा.

दुसरं, यंत्रमागावर काम म्हणजे सुताची भुकटी. ती तेलकट हाताबरोबर सगळीकडे बसते. रिफ्लेक्टरवर तिचा थर बसला की तो नावालाच. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायला सांगा. एवढ्याने अर्धं काम होईल.

आता नवीन काय लावायचं. ट्रकच्या मागे लाल-पांढरी चमकणारी पट्टी असते ना, ती ऑटोमोबाईलच्या दुकानात मीटरवर मिळते. ती घ्या. सजावटीची चकचकीत रंगीत टेप घेऊ नका, ती दिवसा छान दिसते आणि रात्री मरते. दुकानातच पारख करा: मोबाईलचा टॉर्च कपाळाजवळ धरायचा आणि दहा पावलांवरून पट्टीवर मारायचा. खरी पट्टी दिव्यासारखी पेटते, कारण तिच्यातले बारीक लोलक प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात.

मागच्या मडगार्डवर लाल, पुढच्या चिमट्यावर पांढरी, दोन्ही क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यांवर, पांढरी किंवा पिवळी. लावण्याआधी रॉकेल किंवा थिनरने तेल काढा, सुक्या फडक्याने पुसा आणि मगच चिकटवा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो. पट्टी कोण चोरणार? सोलून काढली तर तिचे तुकडेच पडतात.

दहाचाकी

ताई, मी बावीस वर्षं ट्रकवर आहे, तुमच्याकडच्या रस्त्याला साखर भरायला बऱ्याचदा येतो. आमच्या बाजूचं सांगतो. आम्ही बघत नाही असं नाही, आम्हाला दिसत नाही.

समोरचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारून आला की तो जाईस्तोवर आणि गेल्यावरही दोन-तीन सेकंद पुढं नुसता काळोख असतो. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतात, काळा स्वेटर मला पंचवीस-तीस मीटरवर कळतो, तोही समोर कुणी नसेल तर. कळून पाय ब्रेकवर जाईस्तोवर तेवढं अंतर संपलेलं असतं. मग उरतं काय, स्टेअरिंग ओढायचं. बाजूला रिकामं असलं तर निभावतं.

पायडलला लावायचं ते चुकवू नका. मागं एकच लाल ठिपका दिसला तर तो मैलाचा दगड आहे, उभी ट्रॉली आहे की चालती मोटारसायकल आहे, ते लांबून समजत नाही. पण दोन ठिपके आळीपाळीनं वर-खाली व्हायला लागले की दुसरा विचारच येत नाही. माणूस सायकल मारतोय. पाय आपोआप ब्रेकवर जातो.

आणखी एक. सायकलवाले उजव्या बाजूनं, समोरून येतात, "गाडी समोर दिसते म्हणून." असं करू नये. मागून गाठलं तर माझा स्पीड वजा त्यांचा स्पीड, समोरून आलं की दोन्हींची बेरीज. आणि मागं लावलेली सगळी पट्टी वाया.

आबांना तोंडी सांगून पटणार नाही. माझे वडीलही असेच होते. एक करा: संध्याकाळी कुणाच्या तरी गाडीत आबांना पुढं बसवा, आणि त्यांचीच सायकल, त्यांचाच स्वेटर घालून दुसऱ्या माणसाला रस्त्यावर पाठवा. पट्टी लावायच्या आधी. त्यांचं त्यांना बघू द्या.

पाचगणी घाट

इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन द्या की सरळ. आजकाल हप्त्यावर मिळतात.

यड्रावची लेक

दोनदा विचारलं आहे. आबांना सायकल हवी आहे. त्यांचा गुडघा, त्यांचा दम आणि त्यांचा खर्च तिच्यावर नीट चालतो. रस्ता त्यांचाही आहे, म्हणून सायकलच नीट दिसायला हवी.

मिरजेचे काका, पिशवी खरंच रिफ्लेक्टरवर येते. आईकडून व्हिडिओ कॉलवर बघून घेतलं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्रीची सायकल, पुणे

मी बीआरएम राईड करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, म्हणजे रात्र सायकलवरच निघते. तिथे रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट नसेल तर पुढे जाऊ देत नाहीत.

वर सगळं बरोबर सांगितलं आहे, पण नुसत्या पट्टीवर थांबू नका. पट्टी उसना प्रकाश परत करते, स्वतःचा तिला नाही. बोळातून किंवा मळ्याच्या वाटेवरून आडवी येणारी मोटारसायकल, तिचा उजेड आबांवर पडतच नाही, तिथे पट्टी गप्प. एक दिवा असा हवा जो स्वतः जळतो. ट्रकची गोष्टही वेगळी आहे. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या बरेच वर असतात आणि परतणारा प्रकाश हेडलाइटकडे जातो, त्यामुळे पट्टी कारवाल्याला जितकी झगझगीत दिसते तितकी ट्रकवाल्याला दिसत नाही.

दिवा चार्जिंगचा नको, साध्या पेन्सिल सेलचा घ्या. मागे स्थिर लाल ठेवा. नुसती लुकलुक लक्ष वेधते पण अंतराचा अंदाज देत नाही. नेदरलँड्स आणि जर्मनीत सायकलच्या दिव्याला लुकलुकायला परवानगीच नाही. जुना डायनॅमो दिसला तर मोह होईल, पण तो सायकल थांबली की विझतो, आणि उजवीकडे वळायला रस्त्याच्या मध्ये थांबलो असतो तेव्हाच दिवा सगळ्यात जास्त लागतो.

पुढचा दिवा खाली, दहा-बारा पावलांवर पडेल असा वाकवा. समोरच्याचे डोळे दिपवले तर तोच आपल्या अंगावर येतो.

जाकिटाबद्दल: पोपटी रंग दिवसा उन्हात आणि तिन्हीसांजेला काम करतो. काळोखात तो रंग उरत नाही, काम करते ती त्यावरची रुपेरी पट्टी. म्हणून आबांना जाकीट नको असेल तर हट्ट धरू नका. ती पट्टी स्वेटरच्या पाठीला शिवा, आणि पँटचा पाय साखळीत अडकू नये म्हणून ते क्लिप किंवा रबर लावत असतील, त्या जागी चमकणारा पट्टा बांधा. घोट्यावर बांधलेली पट्टी पायडलसारखीच वर-खाली होते.

सायकल दुकान, मिरज

हे बरोबर. दिवा चोरीला जाऊ नये तर कॅरिअरच्या पट्टीला भोक असतं तिथे बोल्ट आतून घाला आणि नायलॉकचा नट लावा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हाताने न सुटणारा. पाना घेऊन पाच मिनिटं बसल्याशिवाय सुटत नाही. स्टँडवर तेवढा वेळ कुणी बसत नाही.

यड्रावची लेक

शनिवार-रविवार करून काल रात्री पुण्याला आले. लिहायचं राहिलं तर चुटपुट लागेल म्हणून आजच लिहिते.

ट्रकवाले दादा, तुमचं आधी केलं. चुलतभावाने आबांचा स्वेटर-मफलर घातला, त्यांची सायकल घेतली आणि साडेसातला पुढे गेला. आबा मामांच्या गाडीत पुढच्या सीटवर, मी मागे. मामांनी डिपरवर, पन्नासच्या आत गाडी ठेवली. आबा म्हणत होते, "अजून लांब असंल त्यो." आणि त्याच क्षणी मामांनी ब्रेक मारला. भाऊ समोरच होता. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला आणि भाऊ पुन्हा दिसेनासा झाला, अगदी पुसल्यासारखा. आबा काहीच बोलले नाहीत. घरापर्यंत नाही, जेवतानाही नाही.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा सायकल अंगणात उलटी करून ठेवलेली होती आणि आबा रॉकेलच्या फडक्याने मडगार्ड पुसत होते. पट्टी त्यांनीच कापली. कोपरे गोल करायचे म्हटल्यावर आईची शिवणाची कात्री मागून घेतली. मडगार्ड, चिमटा, दोन्ही क्रँक. दिवा नायलॉक नटाने बसवला. पिशवी आता हँडलला. आईने जाकिटाच्या रुपेरी पट्ट्या उसवून स्वेटरच्या पाठीला शिवल्या.

संध्याकाळी पुन्हा तीच फेरी, तोच भाऊ, तेच मामा. या वेळी पाणंदीच्या वळणावरूनच दिसलं: एक लाल, आणि खाली दोन पांढरे, वर-खाली, वर-खाली. आबांनी मोजायला सुरुवात केली. आम्ही भावापाशी पोचेपर्यंत नऊपर्यंत मोजून झालं होतं. मग म्हणाले, "माझ्या खात्यात अजून सहा सायकली हायत." खातं म्हणजे त्यांची मागांची शेड. त्या सहा जणांसाठी पट्टी मी आज कुरिअरने पाठवते आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. काका, पायडलच्या रबरावर पट्टी चिकटतच नाही, काय करू? आणि त्या उभ्या ट्रॉल्यांचं काय करायचं? आबा कितीही दिसले तरी ट्रॉली त्यांना दिसायला हवी.

सायकल दुकान, मिरज

रबरावर नाही टिकत. सोडून द्या. बाजूला पिवळे रिफ्लेक्टर बसवलेले पायडल मिळतात, जोडी बदला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नका.

दहाचाकी

ट्रॉलीला मागं दोन्ही अंगाला लाल रिफ्लेक्टर पाहिजेत, केंद्रीय मोटार वाहन नियमातला १०४ क्रमांकाचा नियम तोच आहे. पण ट्रॅक्टरवाल्याला रस्त्यात अडवून नियम सांगू नका, तो ऐकत नाही. हंगामात सगळ्या ट्रॉल्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत तासन् तास उभ्या असतात. तुमच्या ग्रामपंचायतीकडून कारखान्याच्या शेती खात्याला लेखी पत्र द्या, की काट्यावर पट्टी नसलेल्या ट्रॉलीला तिथंच पट्टी लावावी. आणि तुमच्या त्या कुरिअरमध्ये दोन मीटर लाल जादा टाका. आबांना रांगेत ओळखीचा ट्रॅक्टरवाला भेटला तर त्यांनी स्वतःच्या हातानं लावावी.