वकिलाची फी इसाराआधी कागदावर का मिळू नये?

जुळेसोलापूरकर
भवानी पेठेतलं वडिलोपार्जित घर विकलं आणि जुळे सोलापुरात रिसेलचा फ्लॅट घेतला, 38 लाखांना. मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 2 लाख 28 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. हे आधीपासून माहीत होतं, त्याची तक्रार नाही. तक्रार वकिलाच्या बिलाची आहे. फोनवर "पंधरात बसवू मालक" म्हणाले. दस्त झाल्यावर वहीचं फाडलेलं पान हातात आलं : मसुदा आणि सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) 15,000, पेपरातली जाहीर नोटीस 3,200, टायपिंग आणि डेटा एन्ट्री 2,500, साक्षीदार 1,000, बँकेचं सूचनापत्र (कर्जासाठी फ्लॅट तारण ठेवल्याची नोंद) 3,500, 'किरकोळ ऑफिस' 4,000, शिवाय 15,000 वर 18 टक्के जीएसटी 2,700. एकूण 31,900.

माझं म्हणणं एवढंच : फी किती आणि बाहेरचा खर्च किती, हे वकिलानं इसाराआधी लिहून द्यावं. नाही दिलं तर वाढीव पैसे मागू नयेत.

काळा कोट
मी सोलापुरातच वकिली करतो, त्यामुळे हे एकतर्फी वाटतं. फोन येतो, "कागद क्लिअर आहेत, किती घ्याल?" फाईल उघडली की प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असतं. दोन आत्या हैदराबादला, एक काका वारलेले, त्यांची मुलं कुणाशी बोलत नाहीत. मग वारस नोंद, हक्कसोडपत्र, सगळ्यांच्या सह्या. शहराच्या कडेला गेलात तर गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडून विकलेले प्लॉट. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे गुंठे नियमित होऊ शकतात, पण प्रत्यक्षात झालेत का हे कोण बघणार? हे सगळं फोनवर 'पंधरा'त कसं सांगायचं?

आणि एजंटाला दोन टक्के देताना कुणी पावती मागत नाही. 38 लाखांवर ते 76 हजार होतात. घासाघीस मात्र वकिलापाशी.

आकडेवाला
बाकीचं भांडण चालू द्या, आधी ते 2,700 परत मागा. व्यवसाय नसलेल्या व्यक्तीला वकिलानं दिलेली सेवा जीएसटीतून माफ आहे. व्यवसायाला दिली तरी कर बहुतेक वेळा घेणारा स्वतः भरतो, वकील बिलात लावत नाही. राहायच्या घराच्या दस्तावर 18 टक्के कसले? जीएसटी नंबर आणि छापील बिल मागा, आकडा आपोआप गळून पडेल.

सूचनापत्राचंही बँकेत विचारा. पाच लाखांवरच्या गृहकर्जाला 0.3 टक्के मुद्रांक लागतो, 25 लाखांना 7,500. तो आणि सूचनापत्राची फायलिंग बँक बऱ्याचदा स्वतःच्या माणसाकडून करून घेते आणि पैसे तुमच्याच खात्यातून कापते. एकाच कामाचे दोनदा गेलेत का ते स्टेटमेंटमध्ये दिसेल.

होटगी रोड
वकील लागतोच कशाला? खरेदीखताला वकील पाहिजे असं कायद्यात कुठंही नाही. डेटा एन्ट्री नोंदणी विभागाच्या साईटवर आपली आपण करता येते. सर्चची सरकारी फी वर्षाला 25 रुपये, 30 वर्षांचे 750. मी भावाच्या फ्लॅटचं सगळं घरी बसून केलं, फक्त मसुदा एकाला दाखवला. पंधरा हजार कशाचे बे?

काळा कोट
750 रुपये पुस्तकं उघडायचे आहेत, वाचायचे नाहीत. सोलापूरची ऑनलाइन मोफत माहिती 2002 पासूनची आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी दुय्यम निबंधकांकडे जाऊन सूची बघावी लागते. आडनाव एकदा असं, एकदा तसं लिहिलेलं, गट नंबर बदललेला. सोसायटीतला साधा फ्लॅट असेल तर होटगी रोडवाल्यांचं खरं आहे, स्वतः करा. पेठेतलं घर असेल तर करू नका.

लेकाकडं इंग्लंडला
मुलानं लेस्टरला घर घेतलं तेव्हा मी तिथंच होते. तिकडं सॉलिसिटरांना डिसेंबर 2018 पासून घर खरेदी-विक्रीची फी आपल्या वेबसाईटवर जाहीर करावी लागते. कामाची फी वेगळी, 20 टक्के व्हॅट वेगळा, बाहेरचा खर्च वेगळा. तरीही शेवटचं बिल वाढलंच! आम्ही इकडून थोडे पैसे पाठवले होते, तर 'भेट रकमेची तपासणी' म्हणून निराळी फी. बँकेत पैसे पाठवायची फी निराळी. म्हणजे लिहून दिल्यानं बिल थांबत नाही. पण प्रत्येक ओळ कशाची ते विचारता आलं, आणि एक ओळ त्यांनी काढलीही.

काळा कोट
ताई, आमच्यावर उलट बंधन आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. दरपत्रक टांगून बसायची सोय नाही.

जुळेसोलापूरकर
पाटीवर लावा असं कोण म्हणतंय? समोर बसलेल्या पक्षकाराला साध्या कागदावर लिहून देणं ही जाहिरात नाही की. आणि आत्या-काकांचं काम वाढलं तर वाढलं तेव्हाच सांगा, "आता एवढे जास्तीचे लागतील, करू का?" माझ्या फ्लॅटमध्ये तर वारसही नव्हते, दुसराच मालक होता. 'किरकोळ ऑफिस' चार हजार, यावर तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत.

काळा कोट
त्यावर सगळ्यांनाच माहीत आहे ते बोलून काय करू.

होटगी रोड
बघा, आता खरं निघालं.

विकणारी बाजू
माझा सवाल वेगळाय. मी शेळगीतलं घर विकलं, तर घेणाऱ्याच्या वकिलाची अर्धी फी माझ्याकडून मागितली, "रीत आहे" म्हणे. वेगळं ठरलं नसेल तर खरेदीचं मुद्रांक शुल्क घेणाऱ्यानं भरायचं, हे मुद्रांक कायद्याच्या कलम 30 मध्ये आहे. वकिलाच्या फीचं असं कुठंच लिहिलेलं नाही. त्यानं माझेच कागद तपासायचे, माझ्याच चुका काढायच्या आणि पैसे मी द्यायचे?

आकडेवाला
नका देऊ. सोसायटीच्या हस्तांतरणालाही असंच होतं. महापालिका हद्दीत प्रीमियम 25 हजारांवर घेता येत नाही, तरी 'देणगी' म्हणून पन्नास मागतात. घेणाऱ्यानं मागितलेल्या सर्चचे पैसे घेणाऱ्यानं द्यायचे. विकणाऱ्यानं द्यायचा तो कर थकबाकी नसल्याचा दाखला, सोसायटीचं पत्र आणि आपल्या वारसांची कागदपत्रं. इसारपावतीत एक ओळ टाका : वकील फी ज्याची त्यानं.

काळा कोट
ही ओळ मी मसुद्यात स्वतःहून घालतो. लोकच खोडायला लावतात, म्हणे "कशाला आधीच वाकडं".

जुळेसोलापूरकर
आज फोन केला होता. जीएसटीचे 2,700 परत द्यायला तयार झाले. 'किरकोळ'वर म्हणाले, प्रत्यक्ष भेटून बोलू.