रीजनल कौन्सिलने संमतीही द्यावी आणि तिच्या अटींवर देखरेखही ठेवावी का?

नेपिअरकर:

न्यूझीलंडमध्ये शहरासाठी भूजल उपसायचे असो, कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडायचे असो किंवा मोठे धरण बांधायचे असो, १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट अ‍ॅक्टनुसार त्यासाठी साधारणपणे रीजनल कौन्सिलची, म्हणजे पाणी व पर्यावरण सांभाळणाऱ्या निवडून आलेल्या प्रादेशिक संस्थेची, संमती घ्यावी लागते. तिला येथे रिसोर्स कन्सेन्ट म्हणतात आणि अशी संमती जास्तीत जास्त ३५ वर्षांची असू शकते. संमतीसोबत घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे तीच कौन्सिल तपासते, नोटीसही तीच काढते आणि खटला भरायचा की नाही हेही बहुतेक वेळा तीच ठरवते. मार्च २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने या कामासाठी स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणा सुचवली. ती व्हायलाच हवी, असे माझे मत आहे.

कारण हॅवलॉक नॉर्थ या गावात पिण्याच्या पाण्यातून पसरलेली साथ. ऑगस्ट २०१६ च्या पहिल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला, ब्रुकव्हेल रस्त्यालगतच्या कुरणातील मेंढ्यांच्या लेंड्या वाहून जवळच्या तळ्यात गेल्या, तळ्याचे पाणी जलधरात, म्हणजे भूजल साठवणाऱ्या जमिनीखालच्या थरात, झिरपले आणि तेथून नळाला पाणी पुरवणाऱ्या विंधन विहिरीत उतरले. जलधर सुरक्षित असल्याचे गृहीत धरलेले असल्याने पाण्यात क्लोरीन नव्हते. सुमारे १४,००० वस्तीच्या गावात ५,५०० लोक कॅम्पायलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूने आजारी पडल्याचा अंदाज चौकशी समितीने नोंदवला आणि तीन मृत्यूंशी या साथीचा संबंध असण्याची शक्यता सांगितली. विशेष म्हणजे १९९८ मध्येही याच परिसरातील विहिरीमुळे साथ आली होती.

विहीर डिस्ट्रिक्ट कौन्सिलची, म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेची, होती आणि पाणी उपसण्याची संमती रीजनल कौन्सिलने दिलेली होती. विहिरीचे तोंड बंदिस्त ठेवण्याची अट त्या संमतीतच होती. साथीनंतर रीजनल कौन्सिलने डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर खटला भरला आणि काही आठवड्यांतच तो मागे घेतला. पुढे चौकशी समितीने डिस्ट्रिक्ट कौन्सिलला दोष दिलाच, पण जलधराचे रक्षण करण्याच्या कायदेशीर जबाबदारीत रीजनल कौन्सिल कमी पडली आणि महत्त्वाच्या अटींकडे तिने नीट लक्ष दिले नाही, असेही म्हटले. एकाच भागातील मतदारांनी निवडलेल्या आणि एकाच भागातील करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या दोन संस्थांपैकी एकीने दुसरीवर कठोर नजर ठेवावी, ही अपेक्षाच मला अवास्तव वाटते.

मोजणीदार:

मी अनेक वर्षे ओढ्या-नद्यांच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याचे काम केले आहे आणि आपल्या निष्कर्षाशी मी असहमत आहे. आपण त्याच चौकशीचा अर्धाच भाग मांडला आहे. पिण्याच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयावर आणि त्या व्यवस्थेतील मूल्यांकनकर्त्यांवरही समितीने तितकीच स्पष्ट टीका केली होती. म्हणजे मतदारांपासून दूर असलेली राष्ट्रीय यंत्रणा तेव्हाही होती, आणि तिच्याही नजरेतून ती विहीर सुटली.

एखाद्या ओढ्याला कोणत्या महिन्यात पाणी किती असते, कोणत्या वळणावर गुरे पाण्यात उतरतात आणि कोणत्या पावसानंतर गढूळपणा नेहमीपेक्षा अधिक दिवस टिकतो, हे त्या खोऱ्यात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या माणसालाच कळते. अट मोडल्याची शंका प्रथम त्यालाच येते. तारानाकीमधील रीजनल कौन्सिल मोठ्या संमतीधारकांच्या अनुपालनाचे वार्षिक अहवाल प्रत्येकाच्या नावानिशी प्रसिद्ध करते आणि ते कोणालाही वाचता येतात. देखरेखीचा खर्चही कायद्याच्या कलम ३६ खाली संमतीधारकाकडून वसूल करता येतो. व्यवस्था आहे, ती सगळीकडे सारख्या निष्ठेने चालत नाही, हे मान्य. त्यावर उपाय म्हणून कामच राजधानीत नेणे मला घातक वाटते.

पंचगंगाकाठ:

न्यूझीलंडचा मला अनुभव नाही, पण महाराष्ट्रातील एका नगरपालिकेत मी सांडपाण्याचे काम पाहिले आहे. आपल्याकडे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली संमतीपत्र राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ देते, स्थानिक स्वराज्य संस्था नव्हे. म्हणजे नेपिअरकर यांना हवी असलेली फारकत येथे पन्नास वर्षे आहे. तरीही पंचगंगेत नाल्यांतून प्रक्रिया न केलेले सांडपाणी येत राहिले. मंडळ नोटीस काढते, पालिका निधी नसल्याचे उत्तर देते, आणि पालिकेला दंड झालाच तर तो शेवटी त्याच नागरिकांच्या करातून जातो ज्यांच्या घराजवळून तो नाला वाहतो. तपासणारा वेगळा असणे पुरेसे नाही. त्याच्याकडे माणसे, प्रयोगशाळा आणि ठरलेल्या मुदतीत कारवाई करण्याचे बंधन नसेल तर नोटिशींच्या फायलीच वाढतात.

वेलिंग्टनवासी:

माणसांचा मुद्दा कळीचा आहे आणि त्यासाठी गिझबर्नचे उदाहरण पाहावे. तेथील कौन्सिल युनिटरी आहे, म्हणजे रीजनल आणि डिस्ट्रिक्ट या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच छोट्या संस्थेवर आहेत. जून २०१८ च्या पावसात डोंगरउतारावरील वनतोडीचा लाकूडफाटा टोलागा बेच्या शेतांवर आणि किनाऱ्यावर वाहून आला. पुढे वनकंपन्यांवर खटले झाले, दंडही झाले. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात तेच पुन्हा घडले. ज्या प्रदेशात उत्पन्नाचा मोठा भाग वनतोडीतून येतो आणि करदाते मोजके आहेत, तेथील कौन्सिलने मोठ्या कंपन्यांच्या प्रत्येक उतारावर निरीक्षक पाठवावा, हे तिच्या ऐपतीबाहेरचे आहे. स्थानिक ज्ञानाचा मला आदर आहे, पण वकिलांचे शुल्क त्यातून निघत नाही.

नेपिअरकर:

पंचगंगाकाठ यांचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो, पण त्यातून फारकत निरर्थक ठरत नाही, अपुरी ठरते. मोजणीदार यांना एक विचारतो. येथील कायद्यात कौन्सिलने भरलेल्या खटल्यातील दंडाचा दहावा भाग सरकारकडे जातो आणि उरलेला त्याच कौन्सिलला मिळतो. खासगी कंपनीविरुद्ध ही तरतूद उपयोगी असेल, पण कौन्सिल जेव्हा शेजारच्या कौन्सिलवर खटला भरते तेव्हा एका सार्वजनिक तिजोरीतून दुसरीत पैसा जाण्यापलीकडे काय होते? हॅवलॉक नॉर्थनंतर पिण्याच्या पाण्यासाठी तौमाता अरोवाई ही स्वतंत्र नियामक संस्था उभारावी लागली. मग ते पाणी ज्या जलधरातून येते त्याच्यासाठी वेगळा न्याय का?

मोजणीदार:

सार्वजनिक संस्थांवरील खटल्याचा निर्णय बाहेरच्या यंत्रणेने घ्यावा, इथपर्यंत मी येईन. रिसोर्स मॅनेजमेंट अ‍ॅक्टच्या २०२० च्या दुरुस्तीने पर्यावरण संरक्षण प्राधिकरण या केंद्रीय संस्थेला अंमलबजावणीचे अधिकार दिलेलेच आहेत, ते तेथे वापरता येतील. पण नमुने घेणे, विहिरीचे तोंड उघडून पाहणे, शेतकऱ्याच्या गोठ्यात उभे राहून सांडपाण्याची टाकी किती भरली आहे हे पाहणे, ही कामे स्थानिक कौन्सिलकडेच राहिली पाहिजेत. शिवाय अनेक ठिकाणी गोठ्याचे सांडपाणी जमिनीवर सोडण्यास संमतीच लागत नाही, नियमांत बसले की पुरते. संमतीधारकच नसल्याने त्या तपासणीचा खर्च सहसा करदात्यांवर पडतो, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी कापली जाते. राष्ट्रीय यंत्रणेच्या प्रस्तावात या खर्चाची तरतूद काय आहे, हे तिच्या समर्थकांनी सांगावे.

नेपिअरकर:

ती तरतूद केंद्रीय अर्थसंकल्पातून व्हावी, असे माझे म्हणणे आहे. जलधराला जिल्ह्याच्या सीमा नसतात आणि वीस हजार करदात्यांच्या प्रदेशाने देशाच्या दूधनिर्यातीसाठी चालणाऱ्या गोठ्यांवरील देखरेखीचा भार एकट्याने उचलावा, हे मला न्याय्य वाटत नाही.