अठरा अक्षौहिणी की १६६ कोटी? पोथीतला आकडा जुळत नसेल तर बोलायचं की नाही

कोरेगावकर:
मंडळी, आमच्या गावच्या सप्त्यात एक प्रसंग घडला तो डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. प्रवचनाला आलेल्या महाराजांनी भारती युद्ध लावलं होतं, अठरा अक्षौहिणी सैन्य अठरा दिवसांत कसं संपलं ते फार सुंदर सांगितलं आणि मग स्त्रीपर्वावर आले, धृतराष्ट्र विचारतो किती मेले आणि धर्मराज आकडा सांगतो, १६६ कोटी २० हजार, वर ज्यांचा पत्ताच नाही असे २४,१६५. मंडपात सगळे बापरे म्हणाले. मी शाळेत गणित शिकवतो, मला राहवेना, देणगीच्या पावतीच्या पाठीमागे हिशोब मांडला. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, हे आदिपर्वातच दिलेलं आहे. एकेक माणूस धरला तर २,१८,७००. गुणिले १८ म्हणजे ३९,३६,६००. रथावर सारथी वाढवला, प्रत्येक हत्तीवर पाचपाच माणसं बसवली, तरी गाडी ५९ लाखांच्या फार पुढं सरकत नाही. ५९ लाख माणसांतून १६६ कोटी मेले कसे? दिवसाला सव्वानऊ कोटी पडतात. सन १९०० च्या सुमाराला अख्ख्या जगाची लोकसंख्या १६० कोटींच्या आसपास होती.

आरती झाल्यावर पाया पडून नीट विचारलं. उत्तर मिळालं, "मास्तर, असला हिशोब दूध डेअरीवर करायचा, इथं नाही." लोक हसले. माझ्यासोबत माझ्याच वर्गातली दोन पोरं होती, ती पण हसली. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण वर्गात मीच त्यांना सांगतो की शंका आली की हात वर करा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आकडे जुळत नाहीत तिथं जुळत नाहीत असं मंडपात माईकवरून सांगावं. मी माळकरी आहे, घरी रोज हरिपाठ होतो, हे आधीच सांगतो म्हणजे कुणी मला नास्तिक ठरवायला नको.

वारणाकाठ:
मास्तर रामकृष्ण हरी. आमच्या घरात कीर्तन आहे, वडिलांनी चाळीस वर्षं सांगली जिल्ह्यातली गावं पालथी घातली. महाराज तुम्हाला जे बोलले ते चुकलंच, मंडपात माणसाचा पाणउतारा करू नये. पण तुमचा प्रश्न मला पटत नाही. पुरुषसूक्त रोज पूजेत म्हणतो आपण, सहस्रशीर्षा पुरुषः सहस्राक्षः सहस्रपात्. हजार डोकी आणि हजार डोळे. मग तुमच्या हिशोबानं प्रत्येक डोक्याला एकच डोळा का? आणि पायही हजारच? ऋषींना एवढं कळत नव्हतं का? सहस्र म्हणजे अगणित, मोजता येणार नाही इतकं. तसंच १६६ कोटी म्हणजे आईबापांनी रडून मोजायचं सोडून दिलं इतके मेले. ती बाई रणांगणावर प्रेतं उलटीपालटी करून नवरा शोधतेय आणि आपण पावतीच्या मागे गुणाकार करायचा, हे मला बघवत नाही. शोकाचं पर्व आहे ते मास्तर.

कोरेगावकर:
बुवा, पुरुषसूक्ताचं मान्य, शंभर टक्के मान्य. सहस्र हा गोल शब्द आहे, 'हजारदा सांगितलं तुला' म्हणतो आपण तसा. पण २४,१६५ हा गोल आकडा आहे का? शेवटचे १६५ कोण शोकात मोजतो? आणि अक्षौहिणीचं कोष्टक बघा, एका पत्तीत, म्हणजे सगळ्यात लहान तुकडीत, १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ, तिथनं तिपटीनं सात पायऱ्या चढत अनीकिनी आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. हे कोष्टक ज्यानं बांधलं तो माणूस हिशोबाचा पक्का होता. म्हणजे एका ठिकाणी काटेकोर गणित आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरंच काहीतरी, तर मला सरळ वाटतं की दोन वेगळ्या काळातल्या दोन वेगळ्या माणसांचे हात आहेत. यात ग्रंथाचा अपमान कुठं आला?

कृष्णामाई:
अक्षौहिणीच्या प्रत्येक आकड्यातले अंक मिळवून बघा. २१८७०, ६५६१०, १०९३५०, तिन्हीची बेरीज १८ येते. पर्वं १८, दिवस १८, गीतेचे अध्याय १८. हे आपोआप होतं का? ज्यांना यात फक्त चूक दिसते त्यांनी जरा याचाही विचार करावा.

कोरेगावकर:
ताई हे बघून मलाही लहानपणी अंगावर काटा आला होता. पण तीनानं सारखं गुणत गेलं की आकडा नवाच्या पाढ्यात येतो आणि नवाच्या पाढ्यातल्या कुठल्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज नवाच्याच पटीत येते, ९ नाहीतर १८ नाहीतर २७. सातवीच्या पोराला दाखवता येतं. तिन्ही ठिकाणी १८ च यावी हे सुंदर आहेच, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्यानं १६६ कोटी सुटत नाहीत.

वाईकर:
धागा वाचून राहवलं नाही. आमची वाई म्हणजे प्राज्ञपाठशाळेचं गाव, तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसं होऊन गेली, तेव्हा असले प्रश्न विचारणं म्हणजे पाप हे आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. उलट जुने शास्त्री आपल्यापेक्षा जास्त कडक होते. जैमिनीच्या मीमांसेत चर्चा आहे की वेदात हजार संवत्सरांचं, म्हणजे वर्षांचं, सत्र म्हणजे यज्ञ सांगितलाय पण माणूस तर तेवढा जगत नाही, मग करायचं कुणी? सगळे पक्ष मांडून शेवटी निर्णय काय, तर इथं संवत्सर म्हणजे दिवस घ्यायचा. म्हणजे आकडा अशक्य आहे हे त्यांनी आधी कबूल केलं आणि मग अर्थ शोधला. डेअरीवर जा म्हणाले नाहीत.

आता हीच युक्ती लोक रामायणाला लावतात. रामाने ११,००० वर्षं राज्य केलं, दिवस धरले तर साधारण ३० वर्षं, झकास बसतं. पण दशरथ विश्वामित्राला म्हणतो मी ६०,००० वर्षांचा झालो, त्याचे दिवस धरले तरी १६४ वर्षं होतात. एका ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी अडकते.

रामाचं वय तर अजून गुंत्याचं. विश्वामित्र न्यायला येतो तेव्हा दशरथ म्हणतो माझा राम अजून सोळा वर्षांचाही नाही. प्रचलित प्रतीत सीता रावणाला सांगते की लग्नानंतर बारा वर्षं सासरी राहिले आणि वनवासाला निघताना पती पंचवीस वर्षांचे होते. आणि कौसल्या म्हणते तुला जन्मून सतरा वर्षं झाली. तीन जणांचे तीन हिशोब. टीकाकारांनी कौसल्येसाठी तोड काढली की तिथला 'जन्म' म्हणजे मुंज, द्विजाचा दुसरा जन्म. तोड पटो न पटो, त्यांनी डोळे झाकले नव्हते हे महत्त्वाचं.

वारणाकाठ:
तेच तर म्हणतोय मी! टीकाकारांनी तोड काढली ती आत राहून काढली. आजकाल काय होतं, एक जण आकडा जुळत नाही म्हणतो, दुसरा त्याचा व्हिडिओ करतो, तिसरा म्हणतो बघा तुमचे ग्रंथ सगळे थापा. मास्तर तुमचा हेतू चांगला आहे पण माईकवरून बोललेलं कुठं जाऊन पडेल ते तुमच्या हातात राहत नाही. आमच्याकडं ऊसतोडीवरनं थकून आलेला माणूस रात्री दोन तास कीर्तनाला बसतो, त्याला आधार पाहिजे असतो, त्याच्यापुढं पाठभेद काढून काय मिळवायचंय?

मिरज_जंक्शन:
मी ख्रिस्ती आहे, मिरजेचा, चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. चालेल ना लिहिलं तर? आमच्या बायबलातही हेच आहे. अहज्या राजा गादीवर बसला तेव्हा दुसऱ्या राजे पुस्तकात २२ वर्षांचा आहे आणि दुसऱ्या इतिहास पुस्तकात ४२ वर्षांचा. आणि त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी गादीवर बसून ८ वर्षं राज्य करून वारला म्हणजे चाळिसाव्या वर्षी गेला, म्हणजे ४२ धरलं तर मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो. दावीदाच्या शिरगणतीतही शमुवेल पुस्तकात इस्राएलचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख, इतिहास पुस्तकात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. बऱ्याच अभ्यासकांचं मत की ४२ ही नकलणाऱ्याची चूक. काही नव्या भाषांतरांत वर २२ छापतात आणि खाली तळटीप देतात की हिब्रू प्रतीत ४२ आहे. मी पोरांना ती तळटीप वाचून दाखवतो. आजपर्यंत त्या तळटीपेमुळं एकही पोरगं चर्च सोडून गेलं नाही. ऊस तोडून आलेल्या माणसाला खरं सोसत नाही असं आपणच कशाला ठरवायचं बुवा, तो आपल्यापेक्षा जास्त सोसतो.

कोरेगावकर:
मिरजकर, मनापासून धन्यवाद. तळटीप हाच शब्द मला सापडत नव्हता. आपल्याकडं भांडारकर संस्थेनं पुण्यात हेच तर केलं, १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरातली हस्तलिखितं गोळा करून ओळ न् ओळ ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, सुकथनकरांनी त्यात आयुष्य घातलं. लाख श्लोकांचा ग्रंथ म्हणतो आपण, त्या आवृत्तीच्या मूळ पाठात पाऊण लाखाच्या आतबाहेर राहिले, बाकीचे फेकून दिले नाहीत, खाली टिपांत नाहीतर मागं परिशिष्टात ठेवले.

दुसरं एक सांगतो, हे माझं स्वतः मोजलेलं आहे. आजीच्या लाल फडक्यातल्या गीतेच्या पोथीत शेवटच्या पानावर एक श्लोक आहे, षट्शतानि सविंशानि, की गीतेत कृष्णाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७ आणि धृतराष्ट्राचा १. बेरीज ७४५. हा श्लोक भीष्मपर्वाच्या प्रचलित प्रतीत गीता संपल्या संपल्या येतो. आणि गीता तर सातशे श्लोकी. मी मार्गशीर्षात रोज एक अध्याय करत चौकटीच्या वहीत कृ, अ, सं, धृ असे चार रकाने पाडून पेन्सिलीनं रेघा मारल्या. कृष्ण ५७४, अर्जुन ८४, संजय ४१, धृतराष्ट्र १. बरोब्बर ७००. तेराव्या अध्यायाच्या सुरवातीला काही पोथ्यांत अर्जुनाचा एक जादा श्लोक असतो, तो धरला की ७०१. आता जे म्हणतात ४५ श्लोक काळाच्या ओघात गळाले त्यांना माझा प्रश्न, गळाले तर अर्जुनाचे ५७ चे ८४ झाले कसे? त्याचे उलट २७ वाढलेत. संजयाचे २६ कमी, देवाचे ४६ कमी. नुसतं गळणं असतं तर सगळ्यांचेच कमी व्हायला पाहिजेत.

वाईकर:
मास्तर, टिळकांनी गीतारहस्याच्या परिशिष्टात हाच श्लोक घेतलाय. तो सगळ्या पाठांत नाही म्हणून प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, असावा असं ते म्हणतात, पण पुढं हेही मोकळेपणानं लिहितात की प्रक्षिप्त मानला तरी ७४५ हा आकडा कुणाला कुठनं मिळाला याचा उलगडा होत नाही. मंडालेच्या तुरुंगात गीतेवर ग्रंथ लिहिणारा माणूस उलगडा होत नाही म्हणतो, त्यात त्यांचं काय कमी झालं.

वारणाकाठ:
शंकराचार्य भाष्याच्या सुरवातीलाच सातशे श्लोक म्हणतात आणि माऊली म्हणतात श्लोक सातशे, अध्याय अठरा, पण देव बोलले ते एकच. मला ते एक पुरेसं आहे. ७४५ म्हणा नाहीतर ७०१.

सज्जनगड_पायथा:
एक भर घालतो. दासबोधात सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात समर्थ युगांची वर्षं सांगतात. कलियुग ४,३२,००० वर्षांचं. त्यातली ४,७६० सरली. पुढच्या ओवीत उरलेली सांगतात, ४,२७,२४०. करा बेरीज. एक वर्ष इकडं तिकडं नाही. आणि कलीची ४,७६० वर्षं म्हणजे इसवी सन १६५९, समर्थांच्या हयातीतलं साल. ओवीत बसवून वजाबाकी बरोबर करणारे संत होते आपल्याकडं. त्यामुळं अध्यात्मात हिशोब नसतो हे निदान आम्हा सातारकरांना सांगू नका. चार युगांची लाखांतली वर्षं इतिहास म्हणून खरी का, तो वाद निराळा.

वारणाकाठ:
मास्तर, दोन दिवस लिहिलं नाही. वडिलांची महाभारताची पोथी माळ्यावरनं काढली, कपडा जीर्ण झालाय, स्त्रीपर्वाचं पान उघडलं. त्या श्लोकाच्या कडेला समासात त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं गुणाकार मांडलाय. २,१८,७०० गुणिले १८. खाली ३९,३६,६०० आणि त्याखाली रेघ. पुढं काही नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आणि कीर्तनात ते कायम अठरा अक्षौहिणी एवढंच म्हणायचे, १६६ कोटी त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. मी याचा अर्थ असा घेतो की जाणत्या माणसानं जाणून घ्यावं आणि लोकांपुढं काढू नये.

कोरेगावकर:
बुवा, वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. पण मी त्याचा अर्थ वेगळा घेतो, जो आकडा पटला नाही तो त्यांनी लोकांना कधी सांगितला नाही. रागावू नका. त्या पानाचा फोटो टाकाल का, समासासकट, मला सोमवारी वर्गात दाखवायचाय.

वारणाकाठ:
फोटो टाकतो. पण पोरांना आधी सांगा की ज्यानं हा गुणाकार केला त्यानं हयातभर एकादशी चुकवली नाही. मग दाखवा.