उ: एल्गर चेलो कॉन्चेर्तो – द्यु प्रेची कोणती ध्वनिमुद्रणं घ्यावीत?

इंग्लिश संगीतकार एल्गरच्या या कॉन्चेर्तोची (एकल चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) चेलोवादक जॅकलिन द्यु प्रेची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. त्यांच्याबद्दल इथे कुणी म्हटलंय, '१९६५ चं आणि १९७० चं, फरक फक्त ध्वनीच्या स्वच्छतेचा', हे पटलं नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबरचं १९७० चं, संचालक बॅरनबॉइम असलेलं, प्रत्यक्ष मैफलीतलं आहे. तिथे लय जास्त ताणलेली आहे, काही ठिकाणी मला तर अतीच. १९६५ ला संचालक बार्बिरोली लगाम धरून आहे. पहिल्या भागात चेलो वरच्या 'ई' स्वरापर्यंत चढतो, तिथे ऑर्केस्ट्रा नेमक्या क्षणावर कोसळतो, ते ऐका. बार्बिरोलीने या कॉन्चेर्तोच्या १९१९ च्या पहिल्या प्रयोगात स्वतः चेलो-विभागात बसून वाजवलंय!

आणखी एक: १९६५ चं मुद्रण लंडनच्या किंग्जवे हॉलमधलं. त्याखालून भुयारी रेल्वे जायची. त्यामुळे तिथल्या मुद्रणांत हळुवार जागी खर्जातली घरघर आली तर लगेच टर्नटेबल किंवा प्रेसिंगला (रेकॉर्डच्या छापणीला) दोष देऊ नका. तीच घरघर सीडीवरही त्याच जागी आली, तर ती मूळ टेपमधलीच.