आर्किटेक्ट निवडताना फोटो नकोत, पाच वर्षांपूर्वीचं बाथरूम बघा

उंबरठा:
कोथरूडमधला आमचा फ्लॅट १९८४ चा. ७८० चौरस फूट, तिसरा मजला, आई-बाबा सत्तरीपुढचे. फरशी, बाथरूम, स्वयंपाकघर, वायरिंग, सगळंच काढायचंय. महिनाभरात तीन आर्किटेक्टना घर दाखवलं. पहिल्यांनी टेप खिशातून काढलीच नाही, टॅबवर बाणेरच्या बंगल्यांचे फोटो दाखवत बसले. दुसऱ्यांनी दोन दिवसांत थ्रीडी व्ह्यू पाठवला. त्यात हॉलची खिडकी दोन फूट सरकलेली आणि बाबांची आरामखुर्ची गायब. तिसऱ्या बाई आधी खालच्या मजल्यावर गेल्या, काकूंच्या बाथरूमचं छत बघून आल्या आणि आल्या आल्या विचारलं, "संडासाचा पाइप अजून बिडाचाच आहे की बदललाय?" चाळीस वर्षं राहून आम्हाला माहीत नव्हतं.

माझं मत असं झालंय: फोटो काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेले असतात, तेव्हा सगळ्यांचीच घरं छान दिसतात. पाच पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा आणि त्याच्या बाथरूममध्ये जाऊन उभे राहा. दुसरं, फी ठोक हवी. एकूण खर्चाच्या टक्केवारीवर फी असेल तर महागडी टाइल सुचवण्यात त्यांचाच फायदा.

सवाई_सदाशिव:
७८० फुटांना आर्किटेक्ट? उद्या कपाटाच्या कडीला सल्लागार नेमाल. चांगला मिस्त्री धरा. प्लाय भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात स्वतः जाऊन घ्या, ओल्या जागेला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून. कड्या-बिजागऱ्या बोहरी आळीत. माझ्या दोन घरांची कामं अशीच झाली. फीच्या पैशात एक अख्खं बाथरूम होतं.

सहकारनगरची_मावशी:
सदाशिवराव, आमच्याकडेही मिस्त्रीच होता, अगदी विश्वासाचा. ओटा लांबवायचा म्हणून त्याने मधली भिंत अर्धी उतरवली. इमारत जुनी, लोड बेअरिंग. म्हणजे कॉलम नाहीतच, वरचा भार भिंतींवरच. चौथ्या दिवशी वरच्यांच्या फरशीला भेग. सोसायटीने काम थांबवलं, स्ट्रक्चरल इंजिनिअर आला, खाली टेकू लागले, मग लोखंडी गर्डर टाकावा लागला. दोन महिने गॅस हॉलमध्ये. मिस्त्रीचं म्हणणं, "ताई, भिंत पोकळ वाजत होती."

सोसायटीची लेखी परवानगी आम्ही घेतली नव्हती, ती चूक आमचीच. पण परवानगीच्या अर्जाला नकाशा लागतो, आणि तो काढणारं माणूस ही भिंत बघून आधी थांबलं असतं.

टी_स्क्वेअर:
मी आर्किटेक्ट आहे, १९ वर्षं हेच करतो, त्यामुळे पक्षपाती समजून वाचा.

'आर्किटेक्ट' ही पदवी १९७२ च्या कायद्याने राखीव आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल त्यानेच ती लावायची. नंबर 'सीए' ने सुरू होतो, पहिल्याच भेटीत मागा, आम्हाला राग येत नाही. मात्र २०२० साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की बंदी पदवी लावण्यावर आहे, काम करण्यावर नाही. त्यामुळे इंटिरियरवाले घर करून देतात ते बेकायदा नाही. फक्त कोण आहे ते ओळखून काम द्या.

टक्केवारीबद्दल अर्धं पटतं. पण ठोक फीत साइटवरच्या फेऱ्या आटतात, हेही बघितलंय. खरा प्रश्न वेगळा आहे: टाइलवाला, प्लायवाला आर्किटेक्टला मागून काही देतो का? ते घेणार नाही असं करारात लिहून मागा. इथे बरेच जण गडबडतात.

बाथरूमचं मात्र अजिबात पटत नाही. गळती प्लंबरच्या हाताची असते, आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडणाऱ्या मालकाची. भात करपला म्हणून शेतकऱ्याला धरण्यासारखं आहे हे.

उंबरठा:
कमिशनचा मुद्दा मान्य, करारात घालतो. शेतकऱ्याचा नाही. तिसऱ्या बाईंनी कामाच्या यादीतच लिहिलंय: बाथरूमचा जुना भराव खालपर्यंत काढायचा, वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, बोळा मारून ४८ तास पाणी कोंडून ठेवायचं, खालच्या काकूंचं छत कोरडं दिसलं तरच टाइल. आणि ठेकेदाराचा तिसरा हप्ता त्यानंतरच. हात प्लंबरचाच, पण त्याला घाई करू न देणं हे आर्किटेक्टचं काम नाही का?

हिंजवडीग्रस्त:
पाच वर्षांपूर्वीचं घर कोण निवडणार? आर्किटेक्टच. म्हणजे खूश झालेल्या गिऱ्हाइकाचंच दाखवणार, फोटोसारखंच. शिवाय या नियमाने नवीन पोरांना कामच मिळायचं नाही. आमची आर्किटेक्ट २७ वर्षांची, आमचं घर हे तिचं दुसरंच काम. रोज सकाळी साडेआठला स्कूटरवरून साइटवर हजर. इलेक्ट्रिशियनने जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची जोडून भिंतीत पुरायचा घाट घातला होता, तो तिनेच पकडला. मोठ्या नावाच्या ऑफिसातून असिस्टंट आला असता, तोही शनिवारी.

टी_स्क्वेअर:
असिस्टंटचं खरं आहे. साइटवर कोण येणार, आठवड्यातून किती वेळा, ते नावानिशी लिहून घ्या.

उंबरठा:
हिंजवडी, नवीन पोरांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तिथे माझा नियम लंगडा पडतो.

पण निवडून दाखवलेल्या घराचं सांगतो. बाईंनी सिंहगड रोडवरचं सहा वर्षांपूर्वीचं काम दाखवलं. बाथरूमच्या दारापाशी फरशीला काळपट कड आलेली. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "इथे ढाळ दाराकडे गेलाय. मी टाइल बसवताना लेव्हल तपासली नाही, माझं चुकलं." घरमालकीण शेजारीच उभ्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पुसतो आम्ही रोज. मी तिथेच काम द्यायचं ठरवलं.

सवाई_सदाशिव:
फी किती, ते कोणीच सांगत नाही.

उंबरठा:
ठोक एक लाख दहा हजार. वर १८ टक्के जीएसटी.

सवाई_सदाशिव:
१,२९,८०० झाले. म्हटलं नव्हतं, एक अख्खं बाथरूम?