१८ टाक्या, एकच एअर पंप: किती लिटरचा घ्यावा, पाइप कसा टाकावा?

शेवाळ:
दोन रॅकवर मिळून माशांच्या १८ टाक्या आहेत. वरच्या मजल्यांवर ६० × ३० × ३५ सेंमीच्या बारा, सगळ्यात खाली ९० × ४० × ४५ च्या सहा. लहान टाकीत एक स्पंज फिल्टर (हवेवर चालणारा, पाणी साफ करणारे जिवाणू ज्यात वाढतात तो), मोठीत दोन. सध्या सहा सुटे पंप, मागे नळ्यांचं जंजाळ आणि दोन एक्स्टेंशन बोर्ड अशी अवस्था आहे. हे सगळं काढून एकच पंप आणि एकच मुख्य पाइप करायचा आहे. मिनिटाला किती लिटर हवा देणारा पंप लागेल? डायफ्रॅम, पिस्टन की ब्लोअर? पाइप किती इंची घ्यावा, आणि त्याची रिंग करावी, म्हणजे दोन्ही टोकं जोडून वेढा पुरा करावा, असं सगळे सांगतात ते खरं का? लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येण्याचीही भीती वाटते.

खंड्या:
आधी बेरीज करू. लहान स्पंजाला मिनिटाला दीड लिटर हवा पुरते, मोठ्याला दोन. १२ × १.५ = १८ आणि १२ × २ = २४, म्हणजे ४२ लिटर. त्यावर तिसरा हिस्सा वाढवून धरा, कारण थोडी हवा मुद्दाम बाहेर सोडावी लागते आणि टाक्या काही १८ वर थांबत नाहीत. ५५ ते ६० लिटर.

पण ६० लिटर कुठल्या दाबाला, हे विचारल्याशिवाय पंप घेऊ नका. खोक्यावरचा आकडा पुष्कळदा पंपाचं तोंड मोकळं असतानाचा असतो. १० सेंमी पाण्याचा दाब साधारण १ किलोपास्कल. तुमच्या मोठ्या टाकीत हवा सुमारे ४० सेंमी खोल सुटणार, तिथेच ४ किलोपास्कल गेले. कॉक (प्रत्येक नळीची हवा कमी-जास्त करणारी छोटी तोटी), नळी आणि स्पंजातला एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) मिळून आणखी एक-दोन खातात. तेव्हा पंपाच्या आलेखात ६ किलोपास्कलला किती लिटर मिळतात तेवढंच बघा. आलेखच दिलेला नसेल तर तो पंप तिथेच ठेवून या.

तुमच्या कामाला लिनिअर डायफ्रॅम, म्हणजे कॉइलमध्ये चुंबकाचा दांडा मागेपुढे होऊन दोन्ही बाजूंचे रबरी पडदे हलवतो तो पंप. पिस्टन जास्त तापतो, आवाज करतो आणि त्याची सील झिजते तशी हवा इतकी हळूहळू कमी होते की लक्षातच येत नाही. ब्लोअर हवा ढीगभर देतो पण दाब कमी आणि शिट्टीसारखा आवाज सतत. पन्नासेक टाक्यांच्या पुढे त्याचा विचार करावा.

एका टाकीत खरंच किती हवा येते ते मोजायचं असेल तर स्पंजाची नळी काढून तिचं टोक तेवढ्याच खोलीवर धरा. एक लिटरची बाटली पाण्यानं काठोकाठ भरून बुडबुड्यांवर उलटी धरा. बाटलीतलं पाणी ४० सेकंदांत बाहेर ढकललं गेलं तर मिनिटाला दीड लिटर. डोळ्यांनी घेतलेला अंदाज हमखास चुकतो, कारण बारीक बुडबुडे नेहमी जास्त वाटतात.

मरळ:
एक इंची पीव्हीसी घ्या. नुसत्या हवेचा विचार केला तर अर्धा इंचीही चालतो. मिनिटाला ६० लिटर हवा गेली तरी मीटरमागे अर्धा सेंमी पाण्याइतकाही दाब पडत नाही. एक इंची घ्यायचा तो कॉकसाठी, कारण त्याची भिंत जाड असते आणि आटे नीट धरतात. पाइपात दाब फारसा पडत नाही, म्हणूनच रिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. एवढ्याशा लांबीत रिंग केली काय अन् न केली काय, फरक मोजता येणार नाही. टाक्यांना हवा कमी-जास्त मिळते ती खोलीतल्या फरकामुळे, आणि तो रिंगनं जात नाही.

मुख्य पाइप सगळ्यात वरच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर तरी वर बांधा. लाइट गेल्यावर पाणी नळीत टाकीच्या पातळीपर्यंतच चढतं, त्यापुढे जात नाही, त्यामुळे प्रत्येक नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) लावायची गरज उरत नाही. तसाही तो व्हॉल्व्ह दाब खातो आणि क्षार चढले की आतलं रबर चिकटतं.

१/८ इंची आट्यांचे पितळी कॉक असतील तर ८.८ मिमीचं भोक पाडून टॅपनं आटे पाडा आणि टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. दाबून बसवायचे प्लास्टिकचे असतील तर भोक कॉकच्या शेपटीपेक्षा अर्धा मिमी लहान. दोन्ही प्रकार आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा. भोकं पाइपाच्या माथ्यावर घ्या, पोटाला नको. आत ओल धरते आणि पोटाला कॉक असला की ती थेट टाकीत उतरते. पाच-सहा कॉक जास्तीचे लावून बंद ठेवा, नंतर चालू लाइनवर ड्रिल घेऊन बसणं नको. शेवटच्या टोकाला एंड कॅपऐवजी बॉल व्हॉल्व्ह बसवा, जास्तीची हवा तिथून सोडता येते.

नळ्या जोडायच्या आधी सगळे कॉक उघडे टाकून पंप दहा मिनिटं चालवा. ड्रिलचा पांढरा कीस आत राहिला तर नेमका कॉकच्या सुईपाशी जाऊन बसतो. सांध्यांना सोल्व्हंट (पीव्हीसी चिकटवायचं द्रावण) लावलं असेल तर सांधे एक दिवस वाळू द्या, मगच हे करा; त्या वाफा टाकीत जाता कामा नयेत. पंप आणि पाइप यांच्यामध्ये हातभर रबरी होज ठेवा, क्लॅम्पसह. थेट जोडलात तर पंपाची थरथर पाइपातून सगळ्या रॅकभर फिरते. शेवटी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बघा.

शेवाळ:
पाइप टाकून झाला, गळती नाही. पण वरच्या टाक्यांत खळखळाट आणि खालच्या मोठ्या टाक्यांत नुसते चार बुडबुडे. वरचे कॉक आवळत गेलो तेव्हा खाली हवा आली, पण आता पंपावर हात ठेववत नाही. टोकाचा व्हॉल्व्ह बंदच आहे.

पाणकावळा:
तो बंद व्हॉल्व्ह हेच कारण. हवा उथळ टाकीकडे पळणारच, ३० सेंमीचं पाणी सारणं ४० सेंमीपेक्षा सोपं. तुम्ही कॉक आवळत गेलात, हवेला वाट उरली नाही आणि पाइपातला दाब वाढत गेला. तो दाब डायफ्रॅम सोसतोय. असाच चालवत राहिलात तर रबर फाटू शकतं.

उलट्या क्रमानं करा. टोकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. सहा मोठ्या टाक्यांचे कॉक पूर्ण उघडे, बाकीचे जेमतेम. आता टोकाचा व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत जा आणि मोठ्या टाक्यांना पुरेशी हवा आली की तिथेच हात थांबवा. मग लहान टाक्या एकेक करून लावा. एक कॉक फिरवला की बाकीच्यांची हवा बदलते, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होणारच. सगळं जुळल्यावरही टोकातून थोडी हवा निसटत राहिली पाहिजे.

याहून चांगली सोय हवी असेल तर मीटरभर लांबीचा उभा पाइप खालून बंद करून पाण्यानं भरा आणि टोकाच्या व्हॉल्व्हची नळी त्यात ६० सेंमी खोल सोडा. मग तो व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडा. लाइनचा दाब ६० सेंमी पाण्याच्या वर गेला की हवा तिथून आपोआप सुटते. त्यातलं पाणी वाफेनं उतरतं तशी मर्यादाही उतरते, म्हणून पातळीची खूण करून ठेवा. एरवी शांत असणारा हा पाइप जास्त बुडबुडू लागला तर टाक्यांतले एअर स्टोन क्षारानं बुजत चाललेत असं समजा. ते व्हिनेगरमध्ये भिजवा नाहीतर बदला.

पंपाचा एअर फिल्टर महिन्याला झटका. धुतलात तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. डायफ्रॅम दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एक नवा, एक जुना असला की मधला दांडा एका अंगाला ओढला जाऊन चुंबक कॉइलला घासतो. आवाज अचानक खडखडीत झाला की पंप लगेच बंद करून उघडा. आणि पंप खोलीतलीच हवा ओढतो, तेव्हा तिथे कीटकनाशक फवारायचं किंवा रंगकाम असेल तर बाहेरच्या स्वच्छ हवेतून घेणारी नळी त्याला लावा. कोळंबीच्या टाकीत याचा फटका सगळ्यात आधी बसतो.

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. १८ टाक्या एका पंपावर म्हणजे तो पडला की १८ टाक्या एकदम पडल्या. पुढच्या वेळी ६० चा एक घेण्यापेक्षा ३०-३५ चे दोन घ्या, प्रत्येकाच्या तोंडाला मोठा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे बंद पंपातून हवा मागे निसटणार नाही. एक थांबला तरी अर्ध्या हवेवर स्पंज जिवंत राहतात. लाइटसाठी इन्व्हर्टर असेल तर प्युअर साइन वेव्हचाच. स्क्वेअर वेव्हवर हे पंप गुरगुरतात आणि तापतात. नाहीतर बॅटरीवरचा छोटा डीसी पंप याच पाइपाला टी आणि नॉन-रिटर्न टाकून जोडून ठेवा. तो जोडाल तेव्हा उरलेल्या बंद कॉकपैकी एकाला नाही, एक इंची टी मधूनच जोडा. चार मिमीच्या नळीतून अठरा टाक्यांची हवा जाणार नाही.