लिमाहून ट्रेनने अँडीज चढायचाय, आईला झेपेल का?

नमस्कार मंडळी, पुढच्या वर्षी पेरूला जायचं चाललंय, मी, नवरा आणि आई. नवरा पक्का रेल्वेवेडा, त्याला माचूपिचूपेक्षा लिमा ते अँडीजमधलं वांकायो या ट्रेनचंच पडलंय. म्हणे समुद्राजवळून निघून त्याच दिवशी ४,७८१ मीटरवर, म्हणजे जवळपास तीन कळसूबाई एकावर एक! आई ६६ ची, बीपीची गोळी चालू, लेहला पहिले दोन दिवस डोकं धरून बसली होती. कोणी गेलंय का?

डोंगरवेडा
मी गेलोय, कोविडच्या आधी. आधी हे बघा की ही रोजची गाडी नाहीये, त्या रुळांवरून मुख्यतः खाणीतलं जस्त, शिसं, तांबं कायाओ बंदरात उतरतं आणि प्रवासी गाडी तेव्हा वर्षातून मोजक्याच वेळा असायची, त्यामुळे आता चालू आहे का ते बघून आधी गाडीची तारीख पक्की करा मग विमानाचं तिकीट. प्रवास पूर्ण दिवसाचा आहे. लिमात मळभ होतं, चोसिका गेलं आणि एकदम कडक ऊन. दुपारपर्यंत डब्यात नुसता कल्ला चालू होता, पण सगळ्यात उंचावरचा गलेरा बोगदा जवळ आला तसे सगळे गप्प, नर्स ऑक्सिजन घेऊन फिरतेय, समोरचे काका खिडकीला डोकं टेकून बसलेले. मी वर असताना अर्धी पाण्याची बाटली बूच घट्ट लावून बॅगेत टाकली, वांकायोला उतरून बघतो तर चेपलेली!

आईंचं म्हणाल तर डॉक्टरांना विचाराच. वांकायोही ३,२०० च्या वर आहे, म्हणजे रात्रीची झोपही उंचावरच. मी असतो तर आधी माचूपिचूकडचं कुस्को शहर (३,४०० मीटर) करून शरीराला सवय लावली असती आणि लिमाला परत येऊन लगेच ही गाडी पकडली असती.

रूळ_आणि_स्लीपर
अरे वा, आवडता विषय! गंमत म्हणजे एवढा चढ पण दातेरी रूळ कुठेच नाही, साधा स्टँडर्ड गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर जगात बहुतेक ठिकाणी असतं तेच. जिथे वळायला जागाच नाही तिथे झिगझॅग, गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतात, मग उलटी वरच्या रुळावर. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ १८६३ पासून असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ ला बंद झालं. पेरूतल्या या लाईनचं काम १८७० ला सुरू झालं, कंत्राटदार अमेरिकन हेन्री मिग्ज, इंजिनियर पोलंडचा मालिनोव्स्की. मग मिग्ज वारला, चिलीशी युद्ध झालं, पैसे संपले, वाटेतल्या ला ओरोयाला गाडी पोचली १८९३ ला आणि वांकायोला १९०८ ला. २००६ ला तिबेटची लाईन होईपर्यंत जगात सगळ्यात उंच हीच.

वाटेत कार्रियोन पूल लागेल तो नक्की बघा. बांधकामावरचे मजूर तिथे तापाने पटापट मेले होते, आणि तो ताप आणि अंगावर चामखिळी उठतात तो आजार एकच का हे कळावं म्हणून १८८५ मध्ये कार्रियोन नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने चामखिळीतलं रक्त स्वतःला टोचून घेतलं. गेला बिचारा, पण दोन्ही एकच हे सिद्ध झालं.

प्रश्नकर्ती
खूप खूप धन्यवाद दोघांना! कुस्को आधी हे डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टर नको म्हणाले तर मी आणि आई लिमात समुद्रावर बसू, नवरा जाईल एकटा. तापाचं मात्र आईला सांगणार नाहीये, नाहीतर ती त्यालाही सोडायची नाही.